सोबत : हवी / नको

३ जून

खिळेदादा,

नमस्कार. दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस. म्हणून पत्र. तसंही छपाईचं काम फोनवर सांगता येत नाही, तूच म्हणतोस.

आमच्या कॅज्युअल्टीचा केसपेपर बदलायचा आहे. दारातून आत आलेल्या प्रत्येक माणसाची पहिली नोंद होते, तो कागद. बावीस वर्षं मी तो भरतेय. नीट वाचला तो मागच्या महिन्यात.

मागच्या महिन्यात एक बाई आल्या होत्या. शाळेत गणित शिकवायच्या. सकाळी दहाला एकट्या चालत आल्या आणि खिडकीवर म्हणाल्या, "मला माझीच भीती वाटतेय." अंगावर जखम नाही, ताप नाही, नाडी ठीक. केसपेपरवर अगदी खाली एक ओळ आहे, 'मानसिक : होय / नाही'. तिथे 'होय'वर खूण झाली. तिच्याखाली 'पहारा : हवा / नको'. तिथे 'हवा'. त्यांना पाण्याच्या पिंपाजवळच्या बाकावर बसवलं आणि समोर पहारेकरी उभा केला. मनाचे डॉक्टर आमच्याकडे आठवड्यातून दोन दिवस येतात. तो दिवस त्यांचा नव्हता. बाकीचे डॉक्टर जखमा शिवत होते. पाच वाजता पहारेकऱ्याची पाळी बदलली. एक गेला आणि दुसरा आला, त्यामधल्या चार मिनिटांत बाई उठून गेल्या.

तिसऱ्या दिवशी सापडल्या. जिवंत नाही.

मी त्या दिवशी ड्यूटीवर होते. त्या बाकासमोरून दहा-बारा वेळा गेले असेन. दर वेळी माझ्या हातात काहीतरी होतं.

मग समिती बसली. खोली हवी, तर जागा नाही. माणूस हवा, तर मंजुरी नाही. मी म्हटलं, जुने केसपेपर संपत आलेत, नवे छापायचेच आहेत, निदान शब्द तरी बदलू. त्याला कोणाची हरकत नव्हती. शब्दांना जागा लागत नाही असं समितीला वाटतं.

तूच जुळव. बाहेरच्या प्रेसवाल्याला दिलं तर तो दिलेलं छापेल. तू भांडशील. मला भांडणारा माणूस हवाय.

वहिनीला नमस्कार.

तुझी धाकटी

सोबत : जुना केसपेपर, एक.


९ जून

सिस्टरबाई,

पत्र आणि कागद मिळाला. छपाईच्या ट्रेडल मशीनच्या आवाजात फोन ऐकू येत नाही. ट्रेडल बंद असतं तेव्हा तो दुसऱ्या खोलीत असतो.

तुझी वहिनी मुलीकडे गेली आहे, बाळंतपणाला. सहा महिने तरी येत नाही. मी शिशाचे खिळे लावून मजकूर जुळवतो, जेवतो, झोपतो. एका माणसाचा स्वयंपाक हा काही स्वयंपाक नव्हे, तेव्हा ते कामही फारसं नसतं.

तुझा केसपेपर ज्यानं कोणी पहिल्यांदा रचला त्याला हाडांची फार आवड असावी. हाडांना चौदा चौकटी आहेत. पोटाला नऊ. माणूस कशासाठी आला हे लिहायला एक ओळ, तीही अशी की माझ्यासारख्याचं नाव-आडनावसुद्धा मावू नये.

'मानसिक : होय / नाही' हे मी जुळवणार नाही. 'मानसिक : नाही' असा माणूस मला अजून भेटायचाय.

'पहारा' या शब्दाचंही मला कळत नाही. पहारा तिजोरीवर असतो, कैद्यावर असतो. आपल्या पायांनी चालत आलेल्या माणसावर कशाला? तो पळून जाईल म्हणून? मग तो आला कशाला?

काही गोष्टी विचारायच्या होत्या. बाकावरून घड्याळ दिसतं का? बाईंना कोणी पाणी विचारलं का? पिंप शेजारीच होतं, हे उत्तर नाही. आणि पहारेकरी उभा असतो की बसलेला?

छपाईशी याचा संबंध नाही. पण कागद कोणाच्या हातात पडणार हे ठाऊक असलं की जुळवायला सोपं जातं.

तुझा
खिळेदादा

सोबत : कच्चं प्रूफ, दोन प्रती. एक तपासून परत पाठवणे.


१५ जून

खिळेदादा,

प्रूफ परत पाठवतेय. तांबड्या शाईतलं माझं, हिरव्यातलं आमच्या मोठ्या डॉक्टरांचं.

तुझ्या प्रश्नांसाठी काल जेवणाच्या सुट्टीत मी त्या बाकावर जाऊन बसले. घड्याळ दिसतं. घड्याळाशिवाय दुसरं काही दिसतच नाही, ते बरोब्बर समोर आहे आणि त्याला आवाज आहे. बावीस वर्षांत मला तो ऐकू आला नव्हता. पहारेकरी उभा असतो, दोन हातांवर, तोंड पेशंटकडे. दोन्ही बाजूंनी लोक जातात आणि जाता जाता बघतात, यानं काय बरं केलं असेल, असं. दहा मिनिटांत मला वाटायला लागलं की मी काहीतरी केलंय.

पाणी कोणी विचारलं नाही. मीही नाही.

'मानसिक'ची ओळ गेली. तिच्या जागी 'आज इथे यावंसं का वाटलं?' आणि खाली चार रिकाम्या ओळी. यावर मोठे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, इतकं कोण लिहिणार?" मी म्हटलं, "हाडांच्या चौकटी कोण भरतं?" ते हसले. माणूस वाईट नाही. पण 'पहारा'वर हटले नाहीत. "पेशंट निघून गेला तर उत्तर मला द्यावं लागतं, तुमच्या भावाला नाही." खरं आहे. दिलं त्यांनी, मागच्या महिन्यात. त्या बाईंच्या नवऱ्यासमोर उभं राहून दिलं.

तर ती ओळ आहे तशीच राहील. 'पहारा : हवा / नको'. दोन हजार छाप.

तुझं अक्षर बारीक झालंय. चष्मा बदलून घे.

तुझी धाकटी

सोबत : तपासलेलं प्रूफ, एक.


२८ जून

सिस्टरबाई,

उशीर झाला. आठवडाभर प्रेस बंद होती. कारण काही नाही.

गठ्ठे आज पार्सलनं पाठवले. शाई ओली नाही, तरी दोन दिवस उघडे ठेवा.

चष्मा ठीक आहे.

तुझा
खिळेदादा

सोबत : केसपेपर, दोन हजार.


४ जुलै

दादा,

हे काय केलंस तू?

परवा गठ्ठा उघडला. वर ठेवलेला पहिला कागद मीच पाहिला, चांगला वाटला, मोकळा वाटला, मी खिडकीवर देऊन टाकला. खाली बघितलंच नाही. तुझं काम असलं की मी खाली बघत नाही.

खिडकीवर आमच्या नोंदणीच्या बाई बसतात. त्यांना सगळे रेडिओबाई म्हणतात. तीस वर्षं त्या कागदावर छापलंय ते मोठ्यानं वाचतात आणि समोरचा सांगेल ते लिहितात. काना नाही, मात्रा नाही, पदरचा एक शब्द नाही. दुपारी एक शिंपी आला. पन्नाशीचा असेल. गळ्यात टेप तसाच. तासभर दाराशी नुसता उभा होता, मग खिडकीशी आला. रेडिओबाईंनी नाव विचारलं, वय विचारलं, आज इथे यावंसं का वाटलं विचारलं. तो टेप बोटाला गुंडाळत राहिला. त्यांनी चार ओळी मोकळ्या सोडल्या आणि पुढची ओळ वाचली.

"सोबत : हवी की नको?"

शिंप्यानं टेप बोटावरून सोडवला. मग म्हणाला, "हवी."

रेडिओबाईंनी 'हवी'वर खूण केली आणि मला हाक मारली, "सिस्टर, यांना सोबत हवीय. ती कुठे मिळते?"

सगळी कॅज्युअल्टी हसली. मी कागद हातात घेतला आणि शेवटची ओळ वाचली. 'पहारा' नाहीच. दोन हजार कागदांवर नाही. मोठे डॉक्टर बोलायचं ते बोलले आणि ऐकायचं ते मी ऐकलं, कारण प्रूफ मी तपासलं होतं आणि प्रुफात 'पहारा' होता. चाळीस वर्षांत तुझी एक चूक कोणी दाखवलेली नाही. ती तुला माझ्याच कागदावर करायची होती?

कळव, काय करायचं ते.

धाकटी

ता. क. शिंप्याशेजारी मग कोणीच नव्हतं म्हणून रेडिओबाई स्वतः जाऊन बसल्या. खिडकी वीस मिनिटं बंद राहिली, त्याचीही तक्रार आली आहे.

सोबत : चुकीचा केसपेपर, एक.


११ जुलै

सिस्टरबाई,

चूक माझी. सांगतो कशी झाली ते.

आमच्याकडे ऑफिसांची पत्रं छापायला येतात. प्रत्येकाच्या तळाशी 'सोबत' असतं. म्हणून त्या शब्दाचे खिळे मी दरवेळी सोडवत नाही, तो जुळवलेलाच बाजूला ठेवतो. त्या दिवशी हात तिथे गेला असणार. वय झालं. दिसतंही कमी. चष्म्याचं तू म्हणाली होतीस, ऐकायला हवं होतं.

तुला बोलणी बसली, याचं वाईट वाटतं. सगळे कागद परत पाठव. 'पहारा' घालून पुन्हा छापून देतो.

त्या शिंप्याचं पुढे काय झालं, ते कळव.

इथे सगळं नेहमीसारखं.

खिळेदादा

सोबत : कोणी नाही.


२० जुलै

खिळेदादा,

कागद परत पाठवत नाही. ऐक.

तो शिंपी साडेचार तास थांबला. उठून गेला नाही. रेडिओबाईंनंतर मी अर्धा तास बसले, माझ्यानंतर ड्रेसिंगची सिस्टर. दर अर्ध्या तासाला माणूस बदलला, पण पुढचा येऊन बसल्याशिवाय आधीचा उठला नाही. ते कोणी ठरवलं नव्हतं, आपोआप झालं. मनाच्या डॉक्टरांना फोन लावला. ते दुसऱ्या दवाखान्यातून साडेसहाला आले. शिंप्याला घरी सोडलं ते औषध देऊन, बायकोशी बोलून आणि तीन दिवसांनी पुन्हा बोलावून. तो तिसऱ्या दिवशी आला. येताना रेडिओबाईंच्या खुर्चीला उशी शिवून घेऊन आला.

मोठ्या डॉक्टरांनी महिनाभर बघू म्हटलंय. "चूक आहे तोवर वापरा," हे त्यांचे शब्द.

सगळ्यात पंचाईत झाली ती हवालदारकाकांची. आमचा दुपारचा पहारेकरी. हवालदार कधीच नव्हता, मिशीमुळे म्हणतात. कागदावरून पहाराच गेला म्हटल्यावर तो माझ्याकडे आला. "बाई, माझं काय? मला पहारा येतो. सोबत म्हणजे करायचं काय? बोलायचं काय?"

मी त्याला आपली गोष्ट सांगितली. कोपऱ्यावरच्या घरातलं ते कुत्रं आठवतं? मी दुसरीत होते. म्हटलं, माझा मावसभाऊ मला शाळेत सोडायचा. कुत्रं साखळी तोडेल असं भुंकायचं. दादानं त्याला एकदाही हाकललं नाही, दगड उचलला नाही, घाबरू नकोस असंही म्हणाला नाही. फक्त कोपरा आला की माझी बाजू बदलायचा. कुत्र्याच्या बाजूनं तो चालायचा, आणि चालता चालता पाढे म्हणायचा. तेसुद्धा चुकीचे, म्हणजे मी दुरुस्त करत बसावं.

हवालदारकाकांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी कमरेचा पट्टा आणि शिट्टी कपाटात ठेवून आला आणि एका पेशंटशेजारी बसून स्वतःच्या गुडघ्यांबद्दल तासभर बोलला. पेशंट मला म्हणाली, "सिस्टर, आधी या काकांना तपासा."

ऑक्सिजनची नळकांडी ठेवतो ती खोली आम्ही रिकामी केली. जागा होतीच म्हणजे. दोन खुर्च्या ठेवल्या. घड्याळ नाही.

तेव्हा चुकीबद्दल मनाला लावून घेऊ नकोस. पण एक सांगते, म्हाताऱ्या, आता खरंच चुकायला लागलास. मागच्या पत्राच्या तळाशी लिहिलंस 'सोबत : कोणी नाही'. वस्तू असेल तर 'काही नाही' लिहितात. 'कोणी' माणसाला. जुळाऱ्याला हे मी सांगायचं?

तुझी धाकटी

सोबत : काही नाही.


६ ऑगस्ट

दादा,

हे पत्र टपालानं पाठवत नाही. आमची औषधांची गाडी सकाळी तुमच्या गावाकडे निघते. ड्रायव्हरच्या हाती देतेय.

सतरा दिवस तुझं उत्तर नाही. रविवारी फोन लागला, तू म्हणालास, "मजेत." मी फोन ठेवला आणि कामाला लागले. मजेत. हा शब्द मी तुझ्या तोंडून आयुष्यात ऐकला नव्हता.

काल हवालदारकाका जुना आणि नवा केसपेपर शेजारी शेजारी धरून बसला होता. बोट ठेवून ठेवून वाचतो तो. मला म्हणाला, "बाई, तुमच्या भावाची चूक नाही झालेली." मी विचारलं, कशावरून? तो म्हणाला, "हे बघा ना. पहारा हवा. सोबत हवी. नुसता शब्द चुकून पडला असता, तर मागे 'हवा'च राहिलं असतं. सोबत हवा. त्यांनी काना काढलाय आणि वेलांटी बसवलीय."

दादा, काना चुकून निघत नाही. तू खिळा उपसून दुसरा बसवलास. माझ्याशी खोटं बोललास, आणि त्यासाठी म्हातारपणाचं नाव पुढे केलंस.

मग मी तुझी सगळी पत्रं काढली आणि केसपेपर वाचावा तशी वाचली. प्रेस आठवडाभर बंद, कारण काही नाही. घड्याळ दिसतं का. पहारेकरी उभा असतो की बसलेला. बाकावर बसल्याशिवाय हे कोणी विचारत नाही. मला स्वतःला बसून बघावं लागलं. तुला आधीच ठाऊक होतं.

आणि 'सोबत : कोणी नाही'. तू बरोबर लिहिलं होतंस. मी तुझं व्याकरण सुधारलं.

दुसऱ्यांदा मी बाकासमोरून तशीच निघून गेले.

आता सरळ विचारते. इथे आलेल्या प्रत्येकाला आम्ही हल्ली असंच विचारतो. विचारल्यानं कोणाच्या डोक्यात नसलेलं येत नाही, हे मी शिकलेय. जीव द्यावा असं तुझ्या मनात येतं का? हो की नाही, एवढंच सांग. कारण नको. कारण नसतं, तेही मी शिकलेय.

शेजारच्या बाइंडरला सकाळी फोन केला आहे. हे वाचत असशील तेव्हा तो तुझ्यापाशी बसलेला असेल. त्याला मी इतकंच सांगितलं, दादाकडे जाऊन बसा, गाडी येईपर्यंत उठू नका. तो म्हणाला, "बसतो. दोरे घेऊन जातो, तिथेच शिवतो वह्या."

मी स्वतः निघणार होते, पण पहिली बस दुपारची आहे आणि गाडी आत्ता निघतेय. जाताना ड्रायव्हरशेजारच्या सीटवर लशींची पेटी असते. ती तुमच्या दवाखान्यात उतरली की सीट रिकामी होते. ती तुझी. ड्रायव्हर थांबेल. तू कपडे भरेपर्यंत, दार लावेपर्यंत, किंवा नुसता बसून राहशील तेवढा वेळ. त्याला मी सांगितलंय, घाई करायची नाही.

मी तुला बरं करायला बोलावत नाही. ते मला येत नाही. कुत्रंही हाकलता येणार नाही. त्या बाजूनं चालेन.

तुझी धाकटी

सोबत : कोरा केसपेपर, एक. शेवटची ओळ भरून ड्रायव्हरजवळ देणे. बाकीचं इथे आल्यावर.


६ ऑगस्ट
(केसपेपरच्या मागे, पेन्सिलीनं)

सिस्टरबाई,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो.

आज नाही. परवा होतं. उद्याचं माहीत नाही.

बाइंडर अकरा वह्या शिवून बसलाय. आता बारावीला दोरा ओवतोय. ड्रायव्हर दारात उभा होता, त्याला म्हटलं आत येऊन बस, तर म्हणतो, सिस्टरनी थांब सांगितलंय, बस सांगितलेलं नाही. तू तुमच्याकडे सगळ्यांना छापील वाचायला शिकवलंयस.

दुसऱ्या बाजूची शेवटची ओळ भरली आहे. पण हा कागद त्याच्याजवळ देत नाही. स्वतःच घेऊन येतो.

दादा


१९ सप्टेंबर

सिस्टरबाई,

घरी येऊन दहा दिवस झाले. तुझी वहिनी तू कळवल्यावर लगेच आली. मुलीनंच तिला गाडीत बसवलं, म्हणाली, "बाळाला मी आहे." मी तिला पाच महिने काहीच सांगितलं नाही, याबद्दल ती अजून रोज सकाळी एकदा बोलते. नंतर मग चहा देते. बोलणी आधी आणि चहा नंतर, हा क्रम मला बरा वाटतो.

गोळ्या चालू आहेत. सकाळ अजून जड जाते. दहा वाजेपर्यंत हात उचलायचा म्हणजे शिशाचा वाटतो, आणि शिसं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. दहानंतर तो माझा होतो. दर गुरुवारी औषधांच्या गाडीनं तुमच्याकडे येतो, ते तुला दिसतंच.

एक तुला सांगायचं राहिलं होतं. तोंडानं सांगता आलं नाही.

मार्चमध्ये, तुझं पहिलं पत्र येण्याच्या कितीतरी आधी, मी इथल्या दवाखान्यात गेलो होतो. एकटा, चालत. काही झालं नव्हतं. काम होतं, घर होतं, नातवंड येणार होतं. रोज फक्त खिळे जास्त जड लागत होते. खिडकीवर मी म्हटलं, मला बरं वाटत नाही. कुठे दुखतं, विचारलं. ते मला सांगता आलं नाही. त्यांचा केसपेपर तुमच्यासारखाच, हाडंच हाडं. खाली खूण केली आणि मला बाकावर बसवलं. पहारेकरी आला, समोर उभा राहिला, म्हणाला, "काका, हलायचं नाही हां." तो वाईट नव्हता. त्याला तेवढंच छापून दिलेलं होतं. दोन तासांनी मी उठलो, बरं वाटतंय म्हणालो आणि सही करून घरी आलो. कोणी अडवलं नाही. सही बघितली आणि जा म्हणाले.

जूनमध्ये तुझा जुना केसपेपर पार्सलातून निघाला, तेव्हा तो मी ओळखला.

त्या गणिताच्या बाई मला ओळखीच्या वाटल्या. माझ्यात आणि त्यांच्यात फरक एवढाच, की मी घरी पोचलो.

'पहारा' मी जुळवून बघितला. प्रुफात ठेवला. छपाईच्या दिवशी हात पुढे जाईना. काना उपसला. तुला विचारलं असतं तर तू डॉक्टरांना विचारलं असतंस. म्हणून विचारलं नाही. तू माझ्यावर विश्वास टाकून खाली बघणार नाहीस, हेही मला माहीत होतं. त्याबद्दल माफ कर. बाकीच्याबद्दल मागत नाही.

सहा ऑगस्टला तुमच्या खिडकीशी उभा राहिलो, तेव्हा शेवटची ओळ मी आधीच भरली होती. तरी रेडिओबाईंनी कागद हातात घेतला आणि सगळा पहिल्यापासून वाचला. वाचता वाचता शेवटच्या ओळीवर आल्या. "सोबत : हवी की नको?" मीच जुळवलेलं वाक्य, माझ्याच खिळ्यांचं, 'ह'चा पाय किंचित झिजलेला. घरी पेन्सिलीनं खूण करणं सोपं होतं. तोंडानं म्हणायला मला किती वेळ लागला, सांगता येत नाही. त्या दोन खुर्च्यांच्या खोलीसारखंच तिथेही आता घड्याळ नाही. रेडिओबाई थांबल्या होत्या. छापलेलं वाचून झालं की त्या थांबतात, पुढे बोलायला त्यांच्याजवळ काही छापलेलं नसतं. इतकं चांगलं माझ्यासाठी कोणी थांबलेलं नव्हतं.

मग हवालदारकाका गुडघे धरत येऊन शेजारी बसला. माझ्याकडे बघून म्हणाला, "वेलांटी तुमची ना?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "सात साती पन्नास." आणि मी दुरुस्त केलं.

आता कामाचं. मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी आली आहे. पाच हजार हवेत, बाकीच्या दवाखान्यांनीही मागितलेत, इथल्यानंही. चिठ्ठीत 'चूक कायम ठेवावी' असं लिहून खाली सही केली आहे. ती चिठ्ठी मी काचेखाली ठेवली आहे. पण पुढे एक दुरुस्ती सुचवली आहे. सोबत सगळ्यांनाच देणार, तर 'नको' कशाला छापायचं, ते काढावं.

तू त्यांच्याशी भांड. 'नको' राहू दे. मार्चमध्ये मला काहीच विचारलं नव्हतं, नुसतं दिलं होतं. तुमच्या खिडकीशी मी 'नको' म्हणू शकत होतो. तो शब्द समोर होता, बाईंच्या बोटाखाली होता. म्हणून दुसरा म्हणता आला.

प्रूफ वेगळ्या पाकिटात टाकतोय, दोन प्रती. या खेपेला तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाच. त्याची नोंद इथे खाली करत नाही. ती जागा मला दुसऱ्या कामाला हवी आहे.

तुझा
दादा

सोबत : आहे.